बारावा गडी गैरहजर!

आपल्या हॉस्टेलमध्ये एक विशेष जमात राहते. सकाळी साडेआठच्या लेक्चरला या जमातीला जाग येत नाही, पण चॅम्पियन्स लीगची मॅच रात्री दीडला असली की गजर न लावता हे लोक टुणकन उठून बसतात. दुसऱ्या दिवशी मेसमध्ये पोह्यांवर तोंड पाडून सांगतात, "काल आपण हरलो यार." आता हे 'आपण' म्हणजे नक्की कोण? तर मँचेस्टर, माद्रिद, नाहीतर लिव्हरपूल. जन्मात कधी तिथल्या स्टेशनवर उतरलेले नाहीत, उतरले तर स्टेडियम उजवीकडे की डावीकडे हे सांगता यायचं नाही, पण हरलो मात्र 'आपण'!

याच माणसाला हळूच विचारून बघा, "तुझ्या गावात फुटबॉलची टीम आहे का रे?" तो तुमच्याकडे असा बघतो की जणू व्हायवाला सिलॅबसबाहेरचा प्रश्न आला.

मित्रमैत्रिणींनो, माझं या जमातीशी भांडण नाही. रात्र जागून मॅच बघण्यात मजा आहे, मीही बघते. माझं म्हणणं एवढंच की, प्रत्येकाची टीव्हीवरची एक टीम असते तशी चालत जाऊन बघता येईल अशीही एक टीम असावी. आणि तिच्याबरोबर निदान एक अख्खा सीझन काढावा. फायनलपुरता नव्हे. पहिल्या रद्दी मॅचपासून शेवटच्या रद्दी मॅचपर्यंत! हे दया म्हणून करायचं नाही, 'स्थानिक खेळाला प्रोत्साहन' वगैरे भाषणातल्या वाक्यासाठी तर मुळीच नाही. जगात फार थोड्या जागा अशा असतात जिथे आपण असण्या-नसण्याने खरोखर फरक पडतो. छोट्या क्लबची टचलाइन ही त्यातली एक. म्हणून करायचं.

मी सांडोरची. वसई रोड स्टेशनला उतरून पश्चिमेला गावात शिरलं की सेंट थॉमस चर्चचं हे गाव. माझ्या आज्जीच्या आठवणीतलं सांडोर म्हणजे विहिरी, वाड्या, केळी आणि भाजीचे वाफे. माझ्या आठवणीतलं सांडोर त्यातलं निम्मं, आणि उरलेल्या निम्म्यावर इमारती. या सगळ्यात एक गोष्ट मात्र आज्जीच्या आणि माझ्या आठवणीत सारखीच आहे. पाऊस ओसरून जमीन कडक झाली की पोरं बॉल घेऊन बाहेर पडतात.

वसईत फुटबॉल आहे म्हटलं की बाहेरचे लोक लगेच म्हणतात, "हां, म्हणजे पोर्तुगीजांनी आणला असणार." अहो, पोर्तुगीज वसईतून गेले १७३९ साली, चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला तेव्हा. आणि फुटबॉलचे नियम लंडनमध्ये बसून लिहिले गेले १८६३ मध्ये. म्हणजे मधे सव्वाशे वर्षांचं अंतर आहे. आमचा फुटबॉल कोणी राजाने आणून दिलेला नाही. शाळेचं मैदान, चर्चच्या आसपासची मोकळी जागा, सणाच्या सुट्ट्या आणि संध्याकाळी रिकामी असलेली पोरं, एवढ्या भांडवलावर तो टिकलाय. म्हणूनच ही चार पैकी एकही गोष्ट कमी झाली की तो लगेच आजारी पडतो.

आमच्या गावच्या टीमचा सीझन कसा असतो ते सांगते. टीव्हीवर असतो तसा ३८ मॅचेसचा, वेळापत्रक आधीच छापलेला, असला सरळ कारभार नाही. या गावाची टूर्नामेंट, त्या गावाची टूर्नामेंट, कुठे अकरा जणांची, कुठे सात जणांची, कुठे नॉकआऊट. पहिल्याच मॅचला हरलात तर कपडे बदलून घरी. रविवारची मॅच कधीकधी शनिवारी रात्री ठरते. आणि मॅच ठरली की दिसतात ती कामं! मैदानावर फक्की मारायची. नेट फाटलंय, ते सुतळीने शिवायचं. बॉलमध्ये हवा. पाण्याचा ड्रम. बर्फाची पिशवी, कारण कोणाचा ना कोणाचा घोटा मुरगळणारच. रेफ्रीच्या मानधनाचं पाकीट. दुसऱ्या गावात जायचं तर टेम्पो. आणि गोली आज ड्युटीवर गेलाय, मग दुसरा कुठून आणायचा?

ही कामं खेळणारी अकरा पोरं करत नाहीत. करू शकतही नाहीत, ती बूट बांधत असतात. करतात ते बाजूला उभे राहणारे लोक. रिटायर झालेला एखादा काका, ज्याच्या डिकीत कायम पंप असतो. कोणाची तरी आई, जी सामना बघायला येते म्हणते पण येताना वीस लिंबांचं सरबत घेऊन येते. दोन-चार शाळकरी पोरं, जी गोलपोस्टच्या मागे उभी राहून गटारात गेलेला बॉल काढतात. या सगळ्यांना मिळून इंग्रजीत 'सपोर्टर' असा एकच शब्द आहे. मराठीत आपण त्याला 'प्रेक्षक' म्हणून मोकळे होतो. पण प्रेक्षक म्हणजे नुसता बघणारा. हे लोक बघतात कमी, उचलतात जास्त.

आता आपल्या भाषेत बोलू. थर्ड इयरला कंट्रोल सिस्टिम्समध्ये ओपन लूप आणि क्लोज्ड लूप शिकलो ना? ज्यात आउटपुट परत इनपुटकडे येतं ती क्लोज्ड लूप. टीव्हीवरची मॅच ही चाहत्याच्या दृष्टीने शंभर टक्के ओपन लूप आहे. तुम्ही कितीही बोंबला, रूम पार्टनरची उशी फाडा, तिकडच्या स्ट्रायकरच्या कानावर तुमचा आवाज जात नाही. तुम्ही झोपलात तरी स्कोअर तोच राहतो. आमच्या मैदानावर मात्र पंधरा माणसं टचलाइनवर उभी असली तर लेफ्ट बॅकला पंधराही आवाज वेगवेगळे ओळखता येतात. त्यातला एक आवाज त्याच्या बहिणीचा असतो. सत्तराव्या मिनिटाला पाय उचलत नसताना तो पळतो तो त्या आवाजासाठी. पंधराचे पाच झाले की त्याला कळतं. पाचाचे शून्य झाले की पुढच्या वर्षी तो खेळायलाच येत नाही.

तुम्ही म्हणाल, बाई जरा भावनिक होतेय. ठीक आहे, मग मोठ्या क्लबांचे दाखले देते. आपल्याच आसपासचे.

मुंबईत १८९१ साली रोव्हर्स कप सुरू झाला. देशातल्या सगळ्यात जुन्या स्पर्धांपैकी एक. २०००-०१ नंतर तो बंद पडला. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ मध्ये नॅशनल फुटबॉल लीग जिंकली, म्हणजे मुंबईची टीम देशात पहिली आली. अवघ्या चार वर्षांनी, २००९-१० चा सीझन संपल्यावर, कंपनीने टीम बंद करायचं ठरवलं आणि टीम बंद झाली. पंजाबातल्या जेसीटीने १९९६-९७ ची पहिलीवहिली नॅशनल लीग जिंकली होती, तीही २०११ मध्ये मिटली. पुणे एफसी २००७ मध्ये आली, २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरी आली, आणि दशक पुरं व्हायच्या आत गेली. मग इंडियन सुपर लीगमधली एफसी पुणे सिटी आली, तीही २०१९ ला गेली आणि तिच्या जागी हैदराबाद आलं. पुण्यात पोरं कमी आहेत का? मैदानं कमी आहेत का? मग टीम का टिकत नाही?

सगळ्यात बोलका किस्सा मुंबई एफसीचा. हा क्लब २००७ मध्ये निघाला आणि २००८ मध्ये सेकंड डिव्हिजन जिंकून आय-लीगमध्ये पोचला. नंतर कूपरेजचं काम निघालं, तेव्हा काही वर्षं या मुंबईच्या क्लबचं 'होम ग्राउंड' होतं पुण्याचं बालेवाडी! आता सांगा, वसईचा, अंधेरीचा किंवा भायखळ्याचा माणूस घरची मॅच बघायला घाट चढून जाणार का? चार वेळा जाईल, पाचव्या वेळी नाही जाणार. सवय ही अशी तुटते. २०१६-१७ च्या मोसमात मुंबई एफसी खालच्या लीगमध्ये ढकलली गेली आणि क्लब तिथून उठलाच नाही. गंमत बघा, या क्लबला अनेक वर्षं सांभाळणारा प्रशिक्षक खालिद जमील त्याच मोसमात मिझोरामच्या ऐजॉल एफसीला गेला, आणि ऐजॉलने ३० एप्रिल २०१७ ला शिलाँगमध्ये १-१ अशी बरोबरी साधून मोहन बागानला एका गुणाने मागे टाकत आय-लीग जिंकली! हाच खालिद जमील ऑगस्ट २०२५ मध्ये भारताचा प्रशिक्षक झाला.

यात प्रशिक्षकाचं कौतुक आहेच. पण ऐजॉल हे शहर केवढं आणि मुंबई केवढी? पैसा कुठे जास्त? तरीही ऐजॉलच्या मागे एक अख्खं शहर आपलं म्हणून उभं होतं, आणि मुंबईच्या क्लबच्या मागे उभं राहायला लोकांना आधी एक्सप्रेसवेचा टोल भरावा लागत होता. हे एकच कारण होतं असं मी म्हणत नाही. पण वर सांगितलेल्या सगळ्या क्लबांत एक साम्य बघा. ते बंद करायचा निर्णय एका खोलीत बसलेल्या मोजक्या लोकांनी घेतला. त्या खोलीबाहेर उभं राहून "हा आमचा क्लब आहे, बंद कसा करता?" असं विचारणारी पुरेशी माणसं नव्हती.

अशी माणसं असली की काय होतं? त्यासाठी इंग्लंडला जाऊ, तिथली मंडळी आपल्या हॉस्टेलला जास्त ओळखीची आहेत. लंडनच्या विम्बल्डन क्लबने १९८८ मध्ये बलाढ्य लिव्हरपूलला १-० ने हरवून एफए कप जिंकला होता. २००२ मध्ये या क्लबला उचलून दूर मिल्टन कीन्स नावाच्या शहरात न्यायला परवानगी मिळाली. चाहते रडत बसले नाहीत. त्यांनी काही आठवड्यांत स्वतःचा नवा क्लब काढला, गावच्या मोकळ्या माळावर पोरांच्या ट्रायल्स घेतल्या आणि नवव्या पायरीच्या लीगपासून सुरुवात केली. नऊ वर्षांत, २०११ मध्ये, हा एएफसी विम्बल्डन परत व्यावसायिक लीगमध्ये पोचला, आणि २०२० मध्ये प्लाव लेन या आपल्या जुन्या मुक्कामी परतला. मँचेस्टर युनायटेडच्या भक्तांनो, तुमच्याच क्लबचे काही चाहते २००५ मध्ये नव्या मालकांवर चिडून बाहेर पडले आणि त्यांनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा छोटासा क्लब काढला. म्हणजे अस्सल मँचेस्टरचा माणूस गल्लीतल्या क्लबला वर्गणी देतोय आणि आपला रूम नंबर बावन्न मात्र टीव्हीसमोर जर्सी घालून बसलाय!

इंग्लंड लांब वाटत असेल तर कोल्हापूरला चला. तिथली आपली हॉस्टेलची पोरं मान डोलावतील. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ, फुलेवाडी... ही नावं कंपन्यांची नाहीत, पेठांची आणि तालमींची आहेत. जे मंडळ गणपती बसवतं तेच फुटबॉलची टीम उतरवतं. शाहू स्टेडियमवर 'पाटाकडील' विरुद्ध 'दिलबहार' असली की दुपारपासून शहराचा नूर बदलतो. या टीमांचं ऑफिस कुठल्या काचेच्या इमारतीत नाही, म्हणून कुठला डायरेक्टर सकाळी उठून त्या बंद करू शकत नाही. बंद करायची तर आधी पेठ बंद करावी लागेल! याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडून खेळला.

आता कोल्हापूरकरांनो, कॉलर खाली. तुमच्याकडची दुसरी बाजूही सांगायला हवी. मैदानावरची ईर्षा गॅलरीत आणि गॅलरीतली रस्त्यावर आल्याचे प्रकार तिथे झालेत, दगड पडलेत, सामने थांबलेत. टीमवर प्रेम करणं आणि दुसऱ्या पेठेचा दात पाडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली करायला काळीज लागतं, दुसरी करायला काहीच लागत नाही. ज्याला समोरची टीम संपलेली हवी असते त्याला फुटबॉल कळलेलाच नाही. कारण समोरची टीम संपली की रविवारी खेळणार कोणाशी?

माझ्या म्हणण्यावर हॉस्टेलमध्ये जे आक्षेप घेतले गेले, त्यांची उत्तरं देऊन टाकते.

पहिला आक्षेप : "लोकल फुटबॉलचा दर्जा काय असतो? बघवत नाही." मान्य. आमचा सेंटर फॉरवर्ड मोकळ्या गोलसमोर बॉल नारळाच्या झाडात मारू शकतो. पण मला सांगा, तुमची आई तुम्हाला पॉइंटर बघून जेवायला वाढते का? दर्जा हवा तर टीव्ही आहेच. इथे येतो ते आपलं माणूस बघायला. आणि गेल्या वर्षी ज्याचा डावा पाय नुसता टेकायला होता, त्याने यंदा डाव्या पायाने क्रॉस टाकला, हे ज्याने अख्खा सीझन पाहिलाय त्यालाच कळतं. एका मॅचला आलेल्याला तो साधा क्रॉस. दर्जा बघायला नव्वद मिनिटं पुरतात, प्रगती बघायला सीझन लागतो.

दुसरा आक्षेप : "वेळ कुठे आहे? सबमिशन्स, युनिट टेस्ट, प्रोजेक्ट..." यावर मी काही बोलणार नाही. आपण सगळे एकाच हॉस्टेलमध्ये राहतो. रविवारी दुपारी तीन ते सहा कोण काय करतं ते भिंतींनाही ठाऊक आहे.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि तो बाहेरच्यांनी नाही, आमच्याच गावातल्या लोकांनी घेतला : "सपोर्ट करायला माणसं कुठून आणणार? जुनी पोरं आखातात, बोटीवर, परदेशात गेली. राहिलेली बारा तासांच्या ड्युटीला. इमारतीतल्यांचा काय संबंध?"

इथे मला आमच्या लोकांशी थोडं भांडायचंय. वसईत गेल्या तीस-पस्तीस वर्षांत केवढी माणसं वाढली ते लोकलच्या दारात लटकणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. २००९ मध्ये महानगरपालिका झाली, तेव्हा गावं त्यात घ्यायची की नाही यावरून केवढं रान पेटलं होतं. गाव टिकवायची ती धडपड मला समजते, आमच्या घरातलीही माणसं त्यात होती. विहिरी गेल्या, वाड्या गेल्या, मोकळ्या जागा गेल्या. जुलै २०१८ मध्ये वसई पाण्याखाली गेली तेव्हा पाणी मुरायला जमीनच उरली नाही, असं जो तो म्हणत होता. जिथे आम्ही फुकट खेळायचो तशा जागांच्या शेजारी आता जाळीच्या आतलं टर्फ आहे, तासाला पैसे मोजा आणि खेळा. राग येतो. पण हा राग सातव्या मजल्यावर राहणाऱ्या बारा वर्षांच्या पोरावर काढून काय मिळणार? त्याने काही वाडी विकत घेतलेली नाही. त्याच्या बापाला घर परवडलं ते इथे, एवढाच त्याचा गुन्हा.

उलट, हाच पोरगा आमच्या टीमचा पुढच्या दहा वर्षांतला राईट बॅक आहे. त्याला गॅलरीतून मैदान दिसतं. त्याला बोलावणारं कोणी नाही म्हणून तो खाली येत नाही, आणि तो येत नाही म्हणून आमच्याकडे सबस्टिट्यूटच्या बाकावर कधीकधी फक्त पाण्याच्या बाटल्या बसलेल्या असतात. गावची टीम म्हणजे 'गावात जन्मलेल्यांची टीम' हीच व्याख्या आपण धरून बसलो तर ती टीम आपणच संपवू. गावची टीम म्हणजे 'गावासाठी पळणाऱ्यांची टीम' एवढं केलं तर अकरा काय, बावीस मिळतील. आणि इमारतीतल्या त्याच्या आईबापाला गावातलं कोणी नावाने ओळखायची सुरुवात बहुतेक त्या टचलाइनवरच होईल. सोसायटीची मीटिंग आणि गावची सभा यांना जे जमलं नाही ते एका थ्रो-इनवरून झालेल्या वादात जमून जातं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. दोन अनोळखी माणसं एकाच लाइनमनवर खेकसली की दहा मिनिटांत मित्र होतात!

आता कोणी म्हणेल, मोठी लीग आहे, मुंबई सिटी आहे, तिला सपोर्ट केला तर काय बिघडलं? काहीच नाही, जरूर करा. २०१४ ला सुरू झालेला हा क्लब दोनदा, २०२१ आणि २०२४ मध्ये, आयएसएलची ट्रॉफी घेऊन आलाय. 'वेस्ट कोस्ट ब्रिगेड' या त्यांच्या चाहत्यांचं गाणं-बजावणं अंधेरीच्या मैदानात ऐकण्यासारखं असतं, आणि वसईहून अंधेरी म्हणजे एका लोकलचं काम. पण मोठ्या लीगवर सगळा भार टाकू नका. जुलै २०२५ मध्ये हक्कांच्या कराराचा घोळ झाला आणि आयोजकांनी आयएसएलचा नवा मोसमच थांबवून ठेवला. काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. नेहमी सप्टेंबरच्या सुमारास सुरू होणारी देशातली सगळ्यात मोठी लीग सप्टेंबरात सुरू झालीच नाही, कारण वरती सही झाली नव्हती. गावच्या टूर्नामेंटला कोणाची सही लागते? मैदान, फक्की, शिट्टी आणि माणसं. यातली पहिली गोष्ट वाचवायला भांडावं लागतं, मधल्या दोन दुकानात मिळतात, शेवटची म्हणजे आपण.

म्हणून माझा प्रस्ताव साधा आहे. आपल्या कॉलेजच्या मागच्या मैदानावर रविवारी इथल्या गावातली पोरं खेळतात. आपण त्यांना ओळखतो कशावरून? तर "त्यांचा बॉल हॉस्टेलच्या आवारात येतो" यावरून! आणि वॉचमन काका तो परत देतात का, यावर आपला त्यांच्याशी संबंध संपतो. यंदाच्या सीझनला असं करू या. एक टीम निवडायची. मेसच्या नोटीस बोर्डवर तिच्या मॅचेस लिहायच्या. निदान दहा जणांनी जायचं, हरत असताना जायचं, आणि शेवटची शिट्टी वाजेपर्यंत थांबायचं. रेफ्रीच्या आईबहिणीचा उद्धार करायचा नाही. तोही आपला रविवार सोडून आलेला असतो. महिन्याला एका वडापावचे पैसे वर्गणी म्हणून बाजूला काढायचे. सिव्हिलवाल्यांनी एकदा लेव्हल लावून त्या मैदानाचा उतार मोजून द्यावा, पावसानंतर गोलसमोर तळं का साचतं ते कळेल. इलेक्ट्रिकलवाल्यांनी कोपऱ्यातल्या बंद दिव्याकडे बघावं. सर आणि मॅडम लोकांनाही आग्रहाचं निमंत्रण. अटेंडन्स तुम्हाला फार प्रिय आहे, एकदा आमची तिथली अटेंडन्स घ्यायला या!

आणि मुलींनो, "तिथे सगळी मुलंच असतात" हे कारण आता पुरे. आपण दहा जणी जाऊन उभ्या राहिलो की तिथे सगळी मुलंच नसतील. इतकं सोपं गणित आहे. कोण जाणे, दोन सीझन बघितल्यावर आपल्यालाच वाटेल की बाहेर उभं राहून ओरडण्यापेक्षा आत जाऊन एक लाथ मारावी.

आमची सांडोरची पोरं गेल्या सीझनमध्ये फार काही जिंकली नाहीत. एका टूर्नामेंटची सेमी फायनल, बाकी आनंदच. कपाटात नवा कप नाही. पण त्या सीझनमध्ये एकही रविवार असा गेला नाही की टीम उतरली आणि बाजूला कोणीच नव्हतं. कधी तीस होते, कधी सहा. एकदा चारच होते, त्यातली दोघं बॉल आणायला. तेवढ्यावरच ती पोरं यंदा परत बूट बांधतायत. मोठ्या शहरांतले, मोठ्या पैशांचे क्लब जिथे दहा वर्षांत आटोपले, तिथे हे सहा-सात टाळक्यांचं पाठबळ काय ताकदीचं असतं याचा विचार करा.

टीव्हीवरच्या तुमच्या टीमकडे लाखो लोक आहेत, तुम्ही एक रविवार नाही दिसलात तर तिला कळणारही नाही. इथे मात्र हजेरी घेतली जाते. नावानिशी!